तगून राहण्याची किंमत

२०२५ च्या जूनचा दुसरा आठवडा. घाटंजीत मृग लागून दोन दिवस झाले होते. पावसाचा पत्ता नव्हता. बियाणे घरात आणून ठेवलेली माणसे बसस्थानकासमोरच्या टपरीवर चहा घेत आभाळाकडे पाहत होती. त्याच टपरीवर आमचे दोन विद्यार्थी एका निराळ्याच दुष्काळावर तावातावाने बोलत होते.

"काहून काढलं सर त्याले? सतरा वर्सानं कप आनला ना त्यानं!"

"आन् लीगमंदी सतराव्या नंबरवर नेऊन ठेवलं थे? अजून एक पायरी खाली गेले असते तं बुडालीच होती टीम."

विषय लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्पर या क्लबचा होता. त्याचे प्रशिक्षक अँज पोस्टेकोग्लू यांनी २१ मे २०२५ रोजी मँचेस्टर युनायटेडला हरवून युरोपा लीगचा चषक मिळवून दिला. क्लबचा २००८ नंतरचा तो पहिलाच चषक होता. आणि ६ जूनला त्यांना निरोपाचा नारळ मिळाला. कारण प्रीमियर लीगच्या वीस संघांत तो क्लब सतराव्या क्रमांकावर राहिला होता. या लीगचे शेवटचे तीन संघ दर वर्षी खालच्या श्रेणीत ढकलले जातात. त्याला 'रेलिगेशन' म्हणतात. आपण 'अवनती' म्हणू. टॉटनहॅम त्या रेषेच्या जेमतेम एक पायरी वर होता.

दोघांनी मला पंच नेमले. साहित्याच्या अध्यापकाला काय कळते, असे म्हणून मी सुटका करून घेऊ शकलो असतो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. बुडत्या नावेचा नावाडी बदलावा की ठेवावा, हा वाद फुटबॉलपुरता नाही. तो आपल्याकडे शाळांत, साखर कारखान्यांत, मंडळांत, घरांतही चालू असतो. आणि तो ज्या पद्धतीने चालतो, तीत माझ्या मते एक मूलभूत चूक आहे. ती दाखवायला लंडनला जाण्याची गरज नाही. मुंबईतले उदाहरण अधिक बोलके आहे.

मुंबई एफसी हा क्लब २००७ साली स्थापन झाला आणि २००८-०९ च्या हंगामात आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातील सर्वोच्च श्रेणीत, दाखल झाला. २००९ साली त्याची सूत्रे खालिद जमील यांच्याकडे आली. त्यांचे वय बत्तिशीच्या आसपास. त्याआधी ते याच क्लबचे खेळाडू होते. कोलकाता-गोव्याच्या बड्या क्लबांपुढे या संघाची तिजोरी लहान, नामवंत खेळाडू थोडे. अशा संघाला त्यांनी २०१६ पर्यंत, हंगामामागून हंगाम, सर्वोच्च श्रेणीत टिकवून ठेवले. एकही विजेतेपद नाही. खेळ बचावाचा, लांब चेंडूंवर विसंबलेला. पाहणाऱ्याला फारसा रिझवणारा नाही. ही तक्रार त्यांच्याविषयी सतत होत असे, आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती.

२०१६ साली क्लबने त्यांच्याशी फारकत घेतली. नवे प्रशिक्षक संतोष कश्यप आले. ते कुणी नवशिके नव्हते. २०१४-१५ मध्ये शिलाँगच्या रॉयल वाहिंगडोह या नवख्या संघाला त्यांनी आय-लीगमध्ये तिसऱ्या स्थानापर्यंत नेले होते. तरीही २०१६-१७ चा हंगाम घसरत गेला. तेव्हा ऐन हंगामात कश्यप यांनाही दूर करून स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन यांना आणण्यात आले. दहा संघांच्या त्या स्पर्धेत मुंबई एफसी अखेर तळाशी राहिला आणि त्याची अवनती झाली. पुढे तो खालच्या श्रेणीतही खेळला नाही. क्लबच बंद झाला.

आणि जमील? ते ऐजॉलला गेले होते. ऐजॉल एफसी हा मिझोरमचा संघ २०१५-१६ मध्ये स्वतःच अवनत झालेला. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे जागा रिकामी झाली म्हणून तो परत आत आला होता. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग लाजाँगविरुद्धचा सामना १-१ असा बरोबरीत सोडवून या संघाने आय-लीग जिंकली. त्याचे ३७ गुण, मोहन बागानचे ३६. राष्ट्रीय लीगचे विजेतेपद ईशान्य भारतात जाण्याची ती पहिलीच वेळ. त्या संघात मुंबईहून आलेले आशुतोष मेहता आणि जयेश राणे हे खेळाडूही होते. एकाच हंगामात, एकाच स्पर्धेत, सोडलेला माणूस शिखरावर आणि सोडणारा क्लब तळाला. कादंबरीत असा योगायोग कुणी लिहिला असता, तर आपण समीक्षकांनी त्याला कृत्रिम ठरवले असते.

आपल्या विदर्भाला तर याचा जुळा प्रसंगही ठाऊक आहे. मुंबईच्या क्रिकेट संघाने चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली २०१५-१६ चा रणजी करंडक जिंकला आणि पुढच्या वर्षी अंतिम फेरी गाठली. ती गुजरातविरुद्ध गमावल्यावर प्रशिक्षक बदलला गेला. पंडित नागपूरला आले. एकेकाळी प्लेट गटात खेळणाऱ्या विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. मुंबईने लागोपाठच्या दोन वर्षांत दोन प्रशिक्षक सोडले. एकाचे सोने ऐजॉलने केले, दुसऱ्याचे नागपूरने.

या दोन गोष्टींवरून 'म्हणून प्रशिक्षक कधीही काढू नये' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो मोह मी टाळू इच्छितो, कारण उलट उदाहरणे तितकीच ठळक आहेत. २०१६ साली लेस्टर सिटीला अविश्वसनीय विजेतेपद मिळवून देणारे क्लाउदियो रानिएरी यांना २३ फेब्रुवारी २०१७ रोजी काढण्यात आले, तेव्हा संघ अवनतीच्या रेषेच्या फक्त एका गुणाने वर होता. जगभर हळहळ झाली. कृतघ्नपणाचा आरोप झाला. पण संघ सावरला आणि बाराव्या स्थानी राहिला. त्याच लेस्टरने एप्रिल २०२३ मध्ये ब्रेंडन रॉजर्स यांना तशाच परिस्थितीत काढले, आणि त्या वेळी मात्र संघ बुडाला. क्लब तोच, औषधही तेच. एकदा रोगी वाचला, एकदा दगावला.

अशा वेळी काय खरे मानायचे? नेदरलँड्सचे अर्थतज्ज्ञ बास टेर वील यांनी तिथल्या लीगच्या १९८६ ते २००४ या काळातील प्रशिक्षक-बदलांचा अभ्यास केला. प्रशिक्षक काढल्यावर संघाची कामगिरी सुधारते, असे आकड्यांत दिसते. पण तितक्याच वाईट घसरणीनंतरही ज्यांनी प्रशिक्षक काढला नाही, ते संघही जवळपास तसेच सुधारतात. कारण साधे आहे. प्रशिक्षक काढला जातो तो सर्वांत वाईट दिवसांत. आणि सर्वांत वाईट दिवसांनंतर येणारे दिवस बहुधा त्याहून थोडे बरेच असतात. आजीच्या भाषेत, औषधाने सर्दी सात दिवसांत बरी होते आणि औषधाविना आठवड्यात. सुधारणेचे श्रेय मात्र नव्या माणसाला जाते, आणि घसरणीचे पाप जुन्याच्या माथी कायमचे राहते.

मग तरीही प्रशिक्षकच का काढला जातो? इथेच ती मूलभूत चूक आहे. ऐन हंगामात संघाचे वीस-पंचवीस खेळाडू बदलता येत नाहीत. ते करारांनी बांधलेले असतात आणि बदल्यांचा काळ ठरलेला असतो. मालक बदलता येत नाही. तो स्वतःला कशाला काढील? मैदान, तिजोरी, वेळापत्रक, प्रेक्षक यांपैकी काहीच एका रात्रीत बदलत नाही. बदलता येण्याजोगा माणूस एकच असतो. प्रशिक्षक काढला जातो तो दोषी असतो म्हणून नव्हे, काढता येतो म्हणून. काढून झाल्यावर मात्र 'काढता येण्याजोगा' या शब्दाच्या जागी आपण नकळत 'दोषी' हा शब्द लिहून टाकतो. न्यायाची ही रीत फार जुनी आहे. गावावर रोगराई आली की बळी दिला जाई तो रोग पसरवणाऱ्याचा नव्हे, हाती लागणाऱ्या बोकडाचा.

आपल्या क्षेत्रात या चुकीची एक सभ्य आवृत्ती आहे. कलाकृतीतील प्रत्येक गुणदोषाचा मालक लेखक, ही धारणा आपण पिढ्यान्पिढ्या शिकवली. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये 'लेखकाचा मृत्यू' जाहीर केला, तो आपण एम.ए.च्या वर्गात प्रश्नपत्रिकेपुरता शिकवतो. पण मनात लेखकच सार्वभौम असतो. फुटबॉलचा चाहता प्रशिक्षकाकडे नेमका तसाच पाहतो. संघ ही प्रशिक्षकाची संहिता. गोल झाला तर त्याची प्रतिभा, चुकला तर त्याचे वैगुण्य. प्रत्यक्षात ती संहिता मालकाच्या हिशेबवहीत, खेळाडूच्या गुडघ्यात, पंचाच्या शिटीत आणि नशिबातही लिहिली जात असते. प्रशिक्षकाचा वाटा त्यात खरा असतो, पण तो वाटा असतो. सगळे लेखन नसते.

याउलट 'ठेवा' म्हणणाऱ्या पक्षालाही एक उत्तर द्यावे लागेल. निष्ठा हे पुष्कळदा आळसाचे सोज्वळ नाव असते. बदलाचा त्रास नको, जुन्याशी वाईटपणा नको, म्हणून माणसे नालायकालाही वर्षानुवर्षे खुर्चीवर ठेवतात आणि त्याला परंपरा म्हणतात. तेव्हा 'काढा' आणि 'ठेवा' या दोन घोषणांपलीकडे निकष हवा. मला तीन प्रश्न सुचतात. संघ आपल्या ऐपतीपेक्षा वाईट खेळतो आहे, की ऐपतीइतकाच? खेळाडूंनी या माणसाचे ऐकणे खरोखर थांबवले आहे काय? आणि त्याच्या जागी येणारा नेमका कोण आहे. 'दुसरा कुणीतरी' नव्हे, नावानिशी कोण, आणि हेच अपुरे सामान घेऊन तो कोणते निराळे काम करणार आहे? टॉटनहॅम हा श्रीमंत क्लब. सतरावे स्थान त्याच्या ऐपतीला शोभणारे नव्हते. तेव्हा 'काढा' म्हणणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याची बाजू पहिल्या प्रश्नापुरती भक्कम आहे. मुंबई एफसीच्या बाबतीत त्याच प्रश्नाचे उत्तर उलटे येते. तो संघ वर्षानुवर्षे आपल्या ऐपतीपेक्षा वर राहत होता, आणि दिसायला जणू जागच्या जागी उभा होता.

जागच्या जागी उभे राहण्यातले श्रम दिसत नाहीत, ही खरी अडचण. शिखर गाठण्याची कथा होते. कोसळण्याची शोकात्मिका होते. पण तगून राहण्याचे काय? त्याला आरंभ-मध्य-अंत नाही. नववे स्थान, मग सातवे, मग पुन्हा नववे, यात कथानक कुठे आहे? म्हणून चाहत्याला कंटाळा येतो, आणि कंटाळ्याला तो महत्त्वाकांक्षा समजतो. आमच्या भागातला कोरडवाहू शेतकरी या बाबतीत अधिक शहाणा आहे. चार वर्षांत एक वर्ष बरे गेले, तर उरलेली तीन त्याने कशी काढली हे त्याचे खरे कर्तृत्व असते. आणि "औंदा निभलं" या दोन शब्दांत तो ते सांगून मोकळा होतो. त्या दोन शब्दांमागचा हिशेब ज्याला ऐकू येतो, त्यालाच खालिद जमील यांची मुंबईतली सात वर्षे समजतील.

काही ठिकाणी हा हिशेब समजून घेतला जातो. बर्नली हे लँकेशायरमधले कापडगिरण्यांचे जुने गाव. अमेरिकेतील यादवीच्या काळात वऱ्हाडचा कापूस ज्या परगण्याच्या गिरण्यांकडे निघाला, त्यातलेच. तिथला क्लब २०१५ साली अवनत झाला, तरी त्याने शॉन डाइश यांना ठेवले. पुढच्याच वर्षी संघ परत वर आला. एप्रिल २०२२ मध्ये, हंगामाचे थोडेच सामने उरले असताना, त्याच क्लबने त्यांना काढले, आणि तरीही संघ खाली गेला. जर्मनीतील फ्रायबुर्गने २०१५ च्या अवनतीनंतर क्रिस्टियान श्ट्राइख यांना ठेवले. २०१६ मध्ये तोही परतला. तिथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जर्मनीत बहुतेक क्लबांत मतांचा बहुमताचा हिस्सा सभासदांकडे राहावा, असा नियम आहे. तिथला चाहता प्रशिक्षकाविषयी बोलतो तेव्हा तो प्रेक्षक म्हणून नव्हे, काही अंशी मालक म्हणून बोलतो. म्हणून त्याला मालकाच्या जबाबदारीविषयीही बोलावे लागते.

आपल्याकडे तसे नाही. महाराष्ट्रातील क्लबांची यादी पाहा. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद. पुणे एफसी आणि भारत एफसी २०१५ च्या हंगामानंतर गेले. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये. यांतल्या एकालाही प्रशिक्षकाने बुडवले नाही. मालकांनी दुकान आवरले. मुंबई एफसीचे चाहतेही कूपरेजच्या मैदानावर हंगामामागून हंगाम येत राहिले. अशा चाहत्याला जमील ठेवावेत की काढावेत यावर मत देता येई. क्लब ठेवावा की काढावा, हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नाही. प्रशिक्षकाविषयीचा वाद इतका मोठ्याने चालतो, याचे एक कारण हेही असावे की दुसऱ्या कुठल्याच बाबतीत चाहत्याचा आवाज पोहोचत नाही.

हे सारे मी तटस्थपणे लिहितो आहे असे कुणी समजू नये. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका ग्रामीण महाविद्यालयात मराठी विभागात रुजू झालो. नाव सांगण्याचे कारण नाही. विद्यार्थिसंख्या घटत होती, आणि ती आणखी घटली तर विभागच राहणार नाही अशी स्थिती होती. म्हणजे आम्हीही त्या रेषेवरच उभे होतो. आमचे विभागप्रमुख जुन्या वळणाचे, अबोल गृहस्थ होते. सूत्रे दुसऱ्याकडे द्यावीत असा सूर एका बैठकीत निघाला. त्यात माझा आवाज सर्वांत मोठा होता. सूत्रे बदलली. पुढच्या वर्षी प्रवेश वाढले आणि आम्ही पेढे वाटले. त्याच्या पुढच्या वर्षी ते पहिल्याहून खाली गेले.

कारण मला फार उशिरा कळले. दर मे महिन्यात ते सर एसटीने आसपासच्या खेड्यांत जात; बारावी झालेल्या मुलींच्या घरी बसत; तिला पुढे शिकू द्या, एवढेच बापाला सांगत. वर्षाला आठ-दहा मुली त्यातून येत. नोंद कुठे नव्हती, कारण अहवालात त्यासाठी रकाना नव्हता. आमच्या पेढ्यांच्या वर्षीही त्या मुली आल्या होत्या. त्यांच्या घरी सर आदल्या उन्हाळ्यातच जाऊन आले होते. त्यानंतर कुणी गेले नाही. मीही गेलो नाही. विभाग कसाबसा राहिला, पण त्या तीन प्रश्नांपैकी एकही आम्ही त्या बैठकीत विचारला नव्हता, हे आठवले की अजून ओशाळवाणे वाटते.

जमील यांचे नाव ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा सर्वांच्या तोंडी आले. भारतीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिंगापूरकडून पराभव होऊन भारताची आशियाई करंडकाची वाट बंद झाली, आणि 'ठेवा की काढा' हा जुना वाद नव्याने रंगू लागला. वादाला माझी हरकत नाही. तीन प्रश्न आधी विचारावेत, आणि चौथा, सर्वांत अवघड, स्वतःला विचारावा: हा माणूस गेल्यावर त्याचे न दिसणारे काम कोण करणार आहे?

टपरीवरच्या त्या दोघांना मी निकाल दिला नाही. तू आधी सांग, नवा कोण येणार आहे, असे 'काढा'वाल्याला विचारले. आणि मग तू सांग, एवढा पैसा असलेला संघ सतरावा का राहिला, असे दुसऱ्याला. दोघेही जरा वेळ गप्प बसले. पाऊस त्या दिवशीही आला नाही.